डीप पर्पलमध्ये २८ वर्षं वाजवूनही स्टीव्ह मोर्स 'नवा गिटारिस्ट'च का?

सहावी_तार:
मंडळी नमस्कार. परवा आमच्या कट्ट्यावर डीप पर्पल ह्या ब्रिटिश रॉक बँडवरून जोरदार वाजलं आणि मला एकट्याला चौघांनी मिळून धुतलं म्हणून हा धागा. मी एवढंच म्हणालो होतो की मूळ गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरपेक्षा स्टीव्ह मोर्स त्या बँडमध्ये जास्त वर्षं टिकला. झालं, सगळे तुटून पडले. पण हिशोब करा ना राव, ब्लॅकमोर १९६८ ते ७५ आणि मग १९८४ ते ९३, दोन्ही मिळून सोळा-एक वर्षं होतात, मोर्स १९९४ ला आला तो २०२२ पर्यंत सलग, म्हणजे २८ वर्षं, तरी पब्लिक अजून 'तो नवीन आला ना तो' असंच म्हणतं! आता तर त्याच्या जागी सायमन मॅकब्राइड येऊन तोही जुना व्हायला लागला.

माझं सांगायचं तर मी पर्पलच्या मशीन हेड अल्बमवर वाढलोय, मोठ्या भावाची कॅसेट होती, ती पेन्सिलने फिरवून फिरवून ऐकलेली. मोर्सचं मात्र तुटक तुटक ऐकलंय, यूट्यूबवर समोर येईल तसं. हात भयंकर चालतो एवढं कळतं. पण मित्र म्हणतात की नुसती बोटांची कसरत आहे, आत काही नाही. मला ते पटत नाही पण खोडूनही काढता येत नाही कारण माझा तेवढा अभ्यास नाही.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. एक म्हणजे हा माणूस पर्पलच्या आधी काय करत होता. दुसरं, सुरुवात कुठून करू. आणि २०१६ ला बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा ह्याला का नाही घेतलं, तेही कोणी सांगा.

ब्लॅकनाइट_नाशिक:
नवीन म्हणतात कारण नवीनच आहे :)

वर्षं मोजून काय होतंय, स्मोक ऑन द वॉटर कोणाचं? हायवे स्टार? ब्लॅक नाइट, चाइल्ड इन टाइम, ८४ ला परत आले तेव्हाचं परफेक्ट स्ट्रेंजर्स? लोक तिकीट काढून जातात ते ही गाणी ऐकायला आणि त्यातल्या एकाही रिफवर (गिटारची ती परत परत येणारी ओळ) मोर्सचं नाव नाही. मोर्सचं एक गाणं सांगा जे गिटार न वाजवणाऱ्या माणसाला गुणगुणता येईल. गाजलेल्या नाटकात रिप्लेसमेंट म्हणून येणारा नट कितीही तयारीचा असू दे, प्रेक्षक त्याच्यात पहिल्यालाच शोधत बसतात, आणि त्यात प्रेक्षकांचं काय चुकलं?

मी त्याला वाईट म्हणत नाहीये हां. तयारी तुफान आहे. पण ब्लॅकमोर एखादा सूर असा उशिरा टाकतो की पोटात गोळा येतो. मोर्स प्रत्येक सूर वेळेवर आणतो. तोच माझा प्रॉब्लेम आहे.

दोन_पिकअप_जास्त:
सहावी_तार, बरं झालं धागा काढलात, ह्या माणसाबद्दल मराठीत कोणी बोलतच नाही.

पर्पलच्या आधी काय करत होता? अहो, पर्पलच्या आधीच तो गिटारवाल्यांच्या जगात राजा होता! अमेरिकेतल्या गिटार प्लेअर मासिकाच्या वाचकांनी त्याला लागोपाठ पाच वर्षं बेस्ट ओव्हरऑल गिटारिस्ट निवडलं आणि मग त्याला त्या स्पर्धेतूनच बाहेर काढून मानाच्या यादीत बसवलं, म्हणजे बाबा तू आता बाजूला हो, दुसऱ्यांना चान्स दे. हे सगळं ऐंशीच्या दशकात, आपल्याकडे तेव्हा कोणाला पत्ताही नव्हता.

जन्म १९५४ चा, ओहायोतला, पण वाढला बराचसा दक्षिणेत. शाळेत असताना अँडी वेस्ट नावाच्या बासवाल्या दोस्ताबरोबर डिक्सी ग्रिट नावाचा बँड होता. केस कापायला नकार दिला म्हणून शाळेने काढून टाकलं, मग साहेब मायामी विद्यापीठात संगीत शिकायला गेले. तो काळ असला भारी की पुढे जॅझमध्ये गाजलेले पॅट मेथेनी आणि जॅको पास्टोरियस हेही तेव्हा तिथेच आसपास. आणि तिथे ग्रिटचे उरलेसुरले लोक घेऊन नवीन बँड काढला, त्याचं नाव डिक्सी ड्रेग्ज, ड्रेग्ज म्हणजे तळाला उरलेला गाळ. स्वतःच्या बँडला गाळ म्हणणारी माणसं मला आवडतात.

तर हे ड्रेग्ज म्हणजे काय प्रकरण आहे ते शब्दात सांगणं अवघडे. गाणारा कोणी नाही, गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड आणि व्हायोलिन. एका गाण्यात रॉक, पुढच्यात गावाकडचं ब्लूग्रास, मग एकदम चर्चमध्ये वाजेल असं शास्त्रीय, आणि मधेच महाविष्णू ऑर्केस्ट्रा ह्या जॅझ-रॉक बँडसारख्या ताना. महाविष्णूचा प्रभाव होताच, पुढे तर खुद्द महाविष्णूचा व्हायोलिनवाला जेरी गुडमन ह्यांच्यात येऊन वाजवायला लागला. फ्री फॉल (१९७७), व्हॉट इफ (१९७८), आणि माझं सगळ्यात लाडकं ड्रेग्ज ऑफ द अर्थ (१९८०). जवळजवळ सगळं मोर्सने एकट्याने लिहिलेलं, नुसतं गिटारचं नाही, बाकीच्यांचे भागसुद्धा. हे लक्षात ठेवा कारण 'नुसती बोटं' म्हणणाऱ्यांना इथेच उत्तर आहे, हा आधी रचना करणारा आहे आणि मग गिटार वाजवणारा.

मान भरपूर मिळाला, पैसा नाही. बिनगाण्याच्या संगीताला रेडिओ कुठला लावतोय. १९८२ नंतर बँड थांबला, मग स्वतःच्या नावाचा तीनजणांचा बँड काढला, मग १९८६ ला कॅन्सास नावाच्या बँडमध्ये. तिथलं ऑल आय वॉन्टेड हे गाणं त्याने आणि गायक स्टीव्ह वॉल्शने मिळून लिहिलं आणि ते अमेरिकेत एकोणीस नंबरपर्यंत गेलं. म्हणजे नाशिककर, गुणगुणता येईल असं गाणं हवं होतं ना, घ्या. आणि मग ऐन भरात असताना भाऊ चक्क एअरलाइनमध्ये पायलटची नोकरी करायला लागला! खरंच. छोट्या मार्गांवरची विमानं चालवायचा. संगीताच्या धंद्याला वैतागला होता. पुढे परत आला ते आपलं नशीब.

ब्लॅकनाइट_नाशिक:
ऑल आय वॉन्टेड मी ऐकलंय. ते गुणगुणण्यापेक्षा मी गप्प बसेन.

चौथी_सीट:
मी ह्याला प्रत्यक्ष ऐकलंय, १९९५ च्या एप्रिलमध्ये, आपल्या मुंबईत. तेव्हा सरकारी कागदावर अजून बॉम्बेच होतं. त्या कार्यक्रमाची पुढे डीव्हीडी निघाली, बॉम्बे कॉलिंग नावाने, शोधा म्हणजे सापडेल.

तेव्हाची परिस्थिती आजच्या पोरांना कळायची नाही. ब्लॅकमोर १९९३ च्या नोव्हेंबरात टूर अर्धी टाकून निघून गेला, गायक इयान गिलनशी पटेना. जपानचे शो ठरलेले, तिकिटं गेलेली, मग जो सॅट्रियानी ह्या गिटारिस्टला बोलावून वेळ मारून नेली, तो ९४ च्या उन्हाळ्यापर्यंत होता आणि मग स्वतःच्या कामाला गेला. आणि ९४ च्या शेवटी मोर्स आला. म्हणजे आम्ही ऐकलं तेव्हा तो बँडमध्ये येऊन जेमतेम पाच-सहा महिने झाले होते, एकही रेकॉर्ड बाहेर आलेली नव्हती. इंटरनेट नाही, काही नाही. आम्ही ग्राउंडवर उभे आणि आमच्यातल्या अर्ध्यांना शेवटपर्यंत हाच ब्लॅकमोर वाटत होता, फक्त टोपी घातली नाहीये असं. मला स्वतःला माहीत होतं की कोणीतरी दुसरा येणार आहे पण नाव ऑफिसातल्या एकाने सांगितलेलं आणि तेही चुकीचं.

आणि मग हा पिवळ्या केसांचा हसरा माणूस आला. हो, हसरा! ब्लॅकमोर स्टेजवर कसा असायचा ते व्हिडिओत बघितलेलंच होतं, काळे कपडे, तोंडावर माशी हलायची नाही. हा सारखा कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डकडे बघतोय, हसतोय, ड्रमवाला इयान पेस काहीतरी वेगळं वाजवतोय की हा लगेच त्याच्यावर. मला आठवतं ते हे की म्हातारे चौघं खुशीत दिसत होते. नवीन गाणीसुद्धा वाजवली, अल्बममध्ये टेड द मेकॅनिक म्हणून आलेलं गाणं तेव्हा केन द मेकॅनिक होतं, कोणाला शब्द माहीत नाहीत तरी पब्लिक नाचतंय.

आणि व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज. हे गाणं मशीन हेडच्याच वेळचं पण ब्लॅकमोरला आवडलं नाही म्हणून अल्बममधून बाहेर ठेवलं होतं, सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं आणि पडून राहिलं. तो गेल्यावरच ते स्टेजवर नेमाने वाजायला लागलं. मोर्सने त्यात जो सोलो वाजवला त्याला कसरत कोण म्हणेल ते मला भेटू दे एकदा. हळू, एकेक सूर ओढून, आजूबाजूला शांतता.

घरी यायला शेवटची लोकल मिळाली नाही, ती वेगळी गोष्ट.

गुरुजी_अल्टरनेट:
चौथी_सीट काका, हेवा वाटला.

मी गिटार शिकवतो म्हणून जरा उजव्या हाताबद्दल लिहितो, कारण मोर्सची सगळी ओळख उजव्या हातात आहे आणि ते नीट कोणी सांगत नाही. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

समजा आर्पेजिओ वाजवायचा आहे, म्हणजे कॉर्डमधले सूर एकेका तारेवर एकेक. बहुतेक वेगवान मंडळी काय करतात तर स्वीप करतात, पिक (तार छेडायची छोटी पट्टी) एकाच दिशेने तारांवरून घरंगळत खाली नेतात, हाताला कष्ट कमी आणि वेग फुकटात. मोर्स ते करत नाही. तो प्रत्येक तारेवर खाली-वर-खाली-वर असंच वाजवतो, म्हणजे एका तारेवर खालचा फटका मारला की पिकला पुढच्या तारेच्या पलीकडे उडी मारून खालून वर यावं लागतं. तार बदलली की उडी. एका सेकंदात दहा-बारा सूर असतील तर विचार करा किती उड्या! त्याबदल्यात मिळतं काय, तर प्रत्येक सुराला सारखं वजन, सारखा ठोका. घरंगळलेला आवाज येत नाही, टाइपरायटरसारखा खणखणीत येतो. त्यात तळहाताची कड ब्रिजवर टेकवून न वाजणाऱ्या तारा दाबून धरायच्या, नाहीतर डिस्टॉर्शनवर सगळा गोंगाट.

१९८९ च्या हाय टेन्शन वायर्स अल्बममध्ये टुमेनी नोट्स म्हणून तुकडा आहे, नावातच स्वतःची टिंगल केली आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो साठच्या मेट्रोनोमवर (मिनिटाला साठ ठोके) द्यायला लागतो आणि मुलं दुसऱ्या तासाला येत नाहीत.

आता ह्याची किंमत पण ऐका. इतकी वर्षं मनगटाने हे करून त्याच्या उजव्या मनगटाचा सांधा झिजला, संधिवात झाला. पर्पलमधल्या उत्तरार्धात तो मनगटाला पट्टा बांधून वाजवताना दिसतो. आणि पन्नाशी-साठीला आलेल्या माणसाने काय केलं तर पिक धरायची आणि हात हलवायची पद्धत बदलून घेतली, मनगट कमीत कमी हलेल अशी. ज्या हालचालीवर नाव कमावलं तीच मोडून नव्याने बसवायची, आणि हे घरी बसून नाही तर रोज रात्री हजारो लोकांसमोर हायवे स्टार वाजवता वाजवता. ब्लॅकनाइट, तुमचं ते 'प्रत्येक सूर वेळेवर' आहे ना, ते वेळेवर आणायला त्याला काय पडायचं ते एवढं लक्षात घ्या.

ब्लॅकनाइट_नाशिक:
मनगटाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. मेहनतीबद्दल दंडवत. पण मेहनत किती केली ह्यावर ऐकणाऱ्याला गाणं आवडत नाही ना गुरुजी. हायवे स्टारचा सोलो ब्लॅकमोरने आधी बसवून, दोन गिटार एकावर एक रेकॉर्ड करून केला, बाखच्या धाटणीची कॉर्डची उतरण घेऊन. तो सोलो म्हणजे गाण्यातलं दुसरं गाणं आहे. मोर्स त्यात ओळखीच्या जागा ठेवतो आणि मधे स्वतःचं भरतो, आणि त्या मधल्या जागेत मला प्रत्येक वेळी वाटतं की अरे आता मूळ चालीवर ये.

दोन_पिकअप_जास्त:
आणि मूळ जशाच्या तशी वाजवली असती तर म्हणाला असता कॉपी मारतो :D

त्या खुर्चीवर ह्याआधी कोण बसलं होतं ते आठवा जरा. १९७५ ला ब्लॅकमोर पहिल्यांदा गेला तेव्हा टॉमी बोलिन आला. पोरगा चोवीसचा, अफाट गुणी, कम टेस्ट द बँड ऐका, मला तो अल्बम फार आवडतो. पण स्टेजवर लोक ब्लॅकमोर ब्लॅकमोर ओरडायचे, त्यात अमली पदार्थ, काही रात्री तर हातच चालायचा नाही. १९७६ च्या मार्चमध्ये बँड मोडला आणि त्याच डिसेंबरात बोलिन गेला, पंचविसाव्या वर्षी. मोर्स आला तो ह्या खुर्चीवर. चाळिशीचा होता, स्वतःचं नाव आधीच झालेलं, विमान चालवता येत होतं, बँड मोडला असता तरी उपाशी मेला नसता. मला वाटतं म्हणूनच तो टिकला, ब्लॅकमोर होण्याची गरजच नव्हती त्याला.

आणि त्याच्या काळात बँडने आठ स्टुडिओ अल्बम केले. सगळे भारी आहेत असं मीही म्हणणार नाही, अबँडन (१९९८) मला कंटाळवाणा वाटतो. पण पर्पेंडिक्युलर (१९९६) हा पर्पलच्या पहिल्या पाचात येतो माझ्या मते आणि बॉब एझ्रिन प्रोड्यूसर म्हणून आल्यावर नाऊ व्हॉट (२०१३) जर्मनीत एक नंबरला गेला, सत्तरीला टेकलेल्या लोकांचा अल्बम!

सहावी_तार:
अरे वा, दोन दिवस कामात होतो तर इथे एवढं जमलंय. सगळ्यांना धन्यवाद. पर्पेंडिक्युलर पूर्ण ऐकला काल. समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग!! हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? सुरुवातीला ते क्लीन आवाजात तारा सुट्या सुट्या वाजतात, गिलन हळू गातो, आणि मग ती गिटारची लांब धून येते आणि एकदम आभाळ उघडतं. ती धून तर मी आंघोळ करताना म्हणत होतो, म्हणजे गुणगुणायच्या परीक्षेत पास. आमच्या कट्ट्यावर पाठवलंय, अजून उत्तर नाही.

द एव्हिएटर पण आवडलं, ते पर्पल वाटतच नाही, आयरिश लोकगीत वाटतं.

एक शंका, त्याचा आवाज असा लांबून तरंगत येतो ते काय आहे? मी डिले (सुराचा प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) लावून बघितला तर माझा नुसता चिखल होतो.

गुरुजी_अल्टरनेट:
डिले गिटारच्या आवाजातच मिसळला की चिखलच होणार. तो दोन वेगळे अँप ठेवतो, एकात कोरडा आवाज, दुसऱ्यात फक्त डिलेचा. आणि डिलेच्या वाटेवर पायाखाली व्हॉल्यूम पेडल. वेगात वाजवताना पेडल मागे, डिले बंद, सूर स्पष्ट. लांब सूर आला की पाय पुढे, मग तो सूर मागे पसरत जातो. म्हणजे हात वाजवतोय आणि पाय मिक्सिंग करतोय. घरी करायचं तर दोन अँप कशाला, डिलेचा मिक्स कमी ठेवा आणि लांब सुरालाच पेडल दाबा, निम्मं काम होईल.

गिटारवर चार पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) असतात त्याच्या, दोन हंबकर आणि मधे दोन सिंगल कॉइल जातीचे. १९८७ पासून म्युझिक मॅन त्याच्या नावाची गिटार काढतं. त्याआधी टेलिकास्टरच्या बॉडीला स्ट्रॅटची मान बसवून स्वतः खटपट करून बनवलेली एक होती, ड्रेग्जच्या जुन्या व्हिडिओत दिसेल. गाण्याच्या मधे तो सारखा पिकअप बदलतो, बघत राहा त्याचा हात.

अवकाशवेडी:
मी इथे वाचनमात्र असते पण आज राहवेना. एवढं सगळं झालं आणि कॉन्टॅक्ट लॉस्टचं नाव कोणीच काढलं नाही?

कल्पना चावला डीप पर्पलची फॅन होती. कोलंबिया यानातून १६ जानेवारी २००३ ला ती दुसऱ्यांदा अवकाशात गेली तेव्हा तिने सोबत ज्या सीडी नेल्या त्यात दोन पर्पलच्या होत्या, मशीन हेड आणि पर्पेंडिक्युलर. वरून बँडबरोबर ईमेलही चालू होत्या. आणि १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. मी तेव्हा शाळेत होते, शनिवार होता, संध्याकाळी टीव्हीवर ती पांढरी रेघ आकाशात फुटत जाताना परत परत दाखवत होते आणि आई सारखी म्हणत होती बंद करा ते.

मोर्सने त्यांच्यासाठी कॉन्टॅक्ट लॉस्ट लिहिलं, त्याच वर्षी बनानाज अल्बम आला त्यात शेवटी आहे. दीड मिनिटसुद्धा नसेल. त्यात एकही वेगवान तान नाही. गिटारचा सूर न टोचता उगवतो आणि विरतो, व्हॉल्यूम शून्यावरून वर नेत वाजवलेला, गुरुजी सांगतील त्याला काय म्हणतात ते. हा स्वतः पायलट, विमानात बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय वाटतं ते ठाऊक असलेला.

आणि ब्लॅकनाइट, तिने नेलेल्या दोन सीडी परत बघा. एक तुमची, एक ह्यांची.

गुरुजी_अल्टरनेट:
व्हॉल्यूम स्वेल. सूर छेडताना व्हॉल्यूम बंद, छेडून झाल्यावर उघडायचा, म्हणजे पिकचा टक ऐकू येत नाही आणि व्हायोलिनच्या गजासारखा आवाज येतो. नाऊ व्हॉटमध्ये अनकॉमन मॅनच्या सुरुवातीला पण लांबलचक, निवांत गिटार आहे, तेही ऐका, ते जॉन लॉर्डसाठी केलेलं गाणं. लॉर्ड २०१२ च्या जुलैत गेला.

चौथी_सीट:
अवकाशवेडी, हे लिहिलंत ते फार छान केलंत. आत्ता लगेच लावून ऐकलं.

ब्लॅकनाइट_नाशिक:
ठीके, कॉन्टॅक्ट लॉस्ट मस्त आहे, मान्य, आणि तो तरंगता सूर मलाही आवडतो. माझं म्हणणं स्मोक ऑन द वॉटरबद्दल होतं आणि ते तसंच आहे. तो रिफ ब्लॅकमोर पिकने नाही, बोटांनी छेडतो, दोन तारा एकदम. आजही म्युझिकच्या दुकानात गिटार हातात घेतलेली दहातली नऊ पोरं तोच रिफ वाजवतात आणि दहाही चुकीचा वाजवतात.

पण हॉल ऑफ फेमचं मात्र मोर्सच्या बाजूने बोलतो. १९९३ पर्यंतचे आठजण घेतले, त्यात सुरुवातीचा गायक रॉड इव्हान्सपण, जो तीन अल्बम करून गेला. आणि मोर्स आणि कीबोर्डवाला डॉन एअरी, जे त्या दिवशी बँडमध्ये खरोखर वाजवत होते, त्यांना नाही. बासवाला रॉजर ग्लोव्हर आणि गिलन तिथे स्टेजवर वाजवतायत ते ह्यांच्याच बरोबर आणि ट्रॉफी मात्र ह्यांना नाही. हा काय न्याय झाला? बरं ब्लॅकमोर आलाच नाही कार्यक्रमाला. मी ब्लॅकमोरचा भक्त असूनही म्हणतो, हा चावटपणा आहे.

दोन_पिकअप_जास्त:
नाशिककर आज फॉर्मात! ह्याला +१.

आणि सहावी_तार, २०२२ ला गेला तो का गेला तेही लिहून ठेवतो, कारण कुठेकुठे भांडून गेला असं वाचतो आणि डोकं फिरतं. बायको जनीनला कॅन्सर झाला होता. मार्चमध्ये त्याने आधी सुट्टी घेतली, मॅकब्राइड तात्पुरता आला, मग जुलैमध्ये कळवलं की आता परत येत नाही, घरीच थांबतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ती गेली. भांडणबिंडण काही नाही. त्या बँडमधून गिटारवाला असा शांतपणे बाहेर पडायची ही पहिलीच वेळ असेल.

ऐकायचं म्हणाल तर पर्पेंडिक्युलर झालाच आहे, आता ड्रेग्ज ऑफ द अर्थ आणि मग १९९९ चा रॉयल अल्बर्ट हॉलमधला लंडन सिंफनीबरोबरचा कार्यक्रम. त्यात जॉन लॉर्डचा कॉन्चेर्टो (बँड आणि ऑर्केस्ट्राची मिळून मोठी रचना) आहे. त्याची मूळ स्वरलिपी हरवली होती आणि एका डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून ऐकून ती परत लिहून काढली. तो तर ऐकाच. पण त्याच कार्यक्रमात ड्रेग्जचं टेक इट ऑफ द टॉप आहे. कॉलेजच्या वयात काढलेल्या गाळ नावाच्या बँडचं गाणं अल्बर्ट हॉलमध्ये! मोर्सचा दुसरा बँड फ्लाइंग कलर्स नंतर ऐका, त्यात गाणी सोपी आहेत, माइक पोर्टनॉय ड्रमवर.

सहावी_तार:
लिस्ट बनवली. कट्ट्यावरून उत्तर आलं बरं का, चौघांपैकी एकाने स्क्रीमिंगला अंगठा टाकलाय, बाकी तिघांनी उत्तरादाखल मेड इन जपानची (ब्लॅकमोरच्या काळातला लाइव्ह अल्बम) लिंक पाठवली. गुरुजी, टुमेनी नोट्स साठवर घेऊन बसलोय, तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना पिक अडकते. काय करू?

गुरुजी_अल्टरनेट:
पिक जास्त खोल जातेय. टोक जेमतेम दोन मिलिमीटर तारेखाली दिसेल एवढंच बाहेर ठेवा आणि थोडी तिरकी धरा. त्या दोनच तारा घ्या, बाकी तुकडा विसरा, खाली-वर एवढंच, पन्नासवर. मनगटात कळ आली की तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी बघा. वरचा मनगटाचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

चौथी_सीट:
कोणाकडे ती बॉम्बे कॉलिंगची डीव्हीडी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझी पुतण्याने नेली ती नेलीच.